दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानाचं अंतर शोधलं की साधारण १५,३४० किलोमीटर हा आकडा मिळतो, आणि तो बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. वेळेचं मात्र तसं नाही. एका ठिकाणी सतरा तास दिसतात, दुसरीकडे पावणेएकोणीस, तर तिकिटं विकणाऱ्या संकेतस्थळावर चोवीस-पंचवीससुद्धा. यातलं काहीही चूक असेलच असं नाही. पहिला आकडा अंतराला वेगाने भागून काढलेला असतो, दुसरा वेळापत्रकातला असतो आणि तिसऱ्यात मधला एखादा थांबा धरलेला असतो. आपल्याला यातला कुठला वेळ हवा आहे हे एकदा ठरवलं की बाकीचा हिशेब कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागतो.

आधी विमानतळ पक्के करा

शहराचं नाव पुरेसं नाही. टोकियोला हानेडा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत आणि त्यांच्यात रस्त्याने तास-दीड तास सहज जातो. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड अशी रांगच आहे. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एकाच नावाची शहरं. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि त्याच स्पेलिंगचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. म्हणून शोधताना तीन अक्षरी आयाटा कोड वापरा. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा एसआयएन, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक चार अक्षरी इकाओ कोड वापरतात; प्रवाशाला त्याची गरज सहसा पडत नाही, पण विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तो दिसला तर गोंधळू नका.

अंतर: नकाशावर पट्टी ठेवू नका

भिंतीवरच्या सपाट नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारली तर ती सगळ्यात जवळची वाट नसते. आपल्या ओळखीचे बरेच नकाशे मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीवर बेतलेले आहेत. ती पद्धत जहाजांना दिशा धरून जाण्यासाठी सोयीची होती, पण ध्रुवांकडचा भाग तिच्यात भलताच फुगतो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ चौदापट आहे. अशा नकाशावर लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारं विमान ग्रीनलँडवरून विनाकारण वळसा घालतंय असं वाटतं. खरं तर तीच जवळची वाट आहे.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा ताणा. दोरा जिथून जाईल ते बृहत्‌वृत्त, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरचा सगळ्यात आखूड मार्ग. सिंगापूर आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणलात तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो, कारण दोघांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक आहे. सपाट नकाशा बघून हे कुणाला सुचणार नाही.

आकडा हवा असेल तर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की काम झालं. तरीही एकदा स्वतः गणित करून बघा असं मी म्हणेन, कारण त्यानंतर पडद्यावरचा चुकीचा आकडा लगेच ओळखू येतो. लागतात फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश, तेही दशांशात. अंश-मिनिटांत असतील तर मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवा. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे.

चांगी: अक्षांश १.३६, रेखांश १०३.९९.
केनेडी: अक्षांश ४०.६४, रेखांश उणे ७३.७८.

रेखांशांतला फरक १०३.९९ मधून उणे ७३.७८ वजा केल्यावर येतो, म्हणजे १७७.७७ अंश. आता:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.०२३७ × ०.६५१३ = ०.०१५५.
२. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांश-फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९९९७ × ०.७५८८ × (−०.९९९२) = −०.७५८०.
३. दोन्हींची बेरीज: −०.७४२५.
४. या बेरजेचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढा. उत्तर साधारण १३७.९५ अंश.
५. त्याला १११.१९ ने गुणा. उत्तर सुमारे १५,३४० किलोमीटर.

१११.१९ हा आकडा पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून येतो. बृहत्‌वृत्तावर एक अंश म्हणजे एवढे किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, हे आधी तपासा. स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर ती कोन रेडियनमध्येच मागते, त्यामुळे अंशांचं रूपांतर करून घ्यावं लागतं. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलात तर वरच्याच गणिताचं उत्तर ५,३२० किलोमीटर येतं, आणि न्यूयॉर्क सिंगापूरच्या शेजारी येऊन बसतं! उलट बाजूची खूणही लक्षात ठेवा: पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन जागांमधलं सगळ्यात जवळचं अंतर साधारण २०,००० किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. तुमचं उत्तर त्याहून मोठं आलं तर कुठेतरी घोळ आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांकडची ६,३५७. त्यामुळे या साध्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. नेमकेपणाचा आग्रह असेल तर थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिलेली पद्धत वापरणारी साधनं आहेत. प्रवासाच्या वेळेसाठी तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. वाऱ्याने होणारा फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो.

एककांकडे मात्र बघून घ्या. हेच अंतर साध्या मैलांत सुमारे ९,५३० आणि सागरी मैलांत सुमारे ८,२८० भरतं. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाहतुकीत सागरी मैल चालतो, प्रवाशांच्या मैल-योजनांत बहुधा साधा. दोन संकेतस्थळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा निम्म्या वेळी कारण एवढंच असतं.

अंतरावरून वेळ

लांब पल्ल्याची आजची जेट विमानं दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवर हवा उणे पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास थंड असते आणि ध्वनीचा वेगही तिथे कमी, ताशी साधारण १,०६० किलोमीटर असतो. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या जवळपास पडतो. बोइंग ७८७ असो की एअरबस ए३५०, यात फारसा फरक नाही.

१५,३४० ला ९०० ने भागलं की सतरा तास येतात. पण विमान सुटल्याबरोबर ९०० चा वेग पकडत नाही आणि उतरताना तो कितीतरी आधी सोडतं. शिवाय वेळापत्रकातली सुटण्याची वेळ म्हणजे चाकं जमीन सोडतात ती वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून मागे सरकतं ती वेळ. पोहोचण्याची वेळही उतरल्यानंतर ठरलेल्या जागी उभं राहण्याची. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्या, उतरल्यानंतरचं रांगणं, हे सगळं त्या दोन वेळांच्या मध्ये बसतं.

माझा ठोकताळा असा: अंतरात पाच टक्के मिळवायचे, ९०० ने भागायचं आणि वर पाऊण तास टाकायचा. पाच टक्के वाकड्या वाटेसाठी, पाऊण तास चढ-उतार आणि जमिनीवरच्या हालचालींसाठी. सिंगापूर-न्यूयॉर्कचं उत्तर १८ तास ४० मिनिटं येतं, आणि थेट उड्डाणाचं वेळापत्रकही त्याच्याच आसपास आहे. लंडन-न्यूयॉर्कला सुमारे ५,५५० किलोमीटर धरून सव्वासात तास येतात. वेळापत्रकात मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तासांच्या आसपास दिसतात आणि परत यायला सातच्या आसपास. ठोकताळा या दोन्हींच्या मध्ये पडला, आणि तो कुठल्याच बाजूला बसत नाही याला कारण वारा आहे.

जाताना एक वेळ, येताना दुसरी

दोन्ही गोलार्धांच्या मध्यम अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट वारे वाहतात. हिवाळ्यात ते सगळ्यात तगडे असतात आणि ताशी २०० किलोमीटरचा वेग त्यांना काही विशेष नाही. विमानाचा ९०० चा वेग हवेच्या संदर्भात असतो. हवाच शंभरच्या वेगाने पूर्वेला चालली असेल तर जमिनीच्या संदर्भात पूर्वेकडे १,००० होतो आणि पश्चिमेकडे ८००. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवरच्या वादळी वाऱ्यांवर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजच्या एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क-लंडन अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापलं होतं. अंतर तेच ५,५५० किलोमीटर.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. विमानाला फरक पडतो तो त्या हवेत वेगळ्याने वाहणाऱ्या वाऱ्याचा.

जाताना झालेलं नुकसान येताना भरून निघतं, हाही एक गोड गैरसमज. ६,००० किलोमीटरला शंभरचा वारा पाठीवर असताना ६ तास लागतात, समोरून असताना साडेसात. बेरीज साडेतेरा. वारा नसता तर तेरा तास वीस मिनिटंच लागली असती, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं.

म्हणून ठोकताळ्याच्या उत्तरात लांब पूर्व-पश्चिम प्रवासासाठी पूर्वेकडे जाताना अर्धा-पाऊण तास वजा करा आणि पश्चिमेकडे जाताना तेवढाच मिळवा. उत्तर-दक्षिण प्रवासात हा खटाटोप नको. विषुववृत्ताजवळून जाणाऱ्या मार्गांवरही जेट वारे फारसे भेटत नाहीत.

विमान खरंच त्या वाटेने जातं का?

बरेचदा नाही, आणि लांबच्या प्रवासात सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ही विमानं सैबेरियावरून जायची आणि साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचायची. रशियाचं आकाश बंद झाल्यावर त्यांना उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागला आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. अंतर काढून देणारं कुठलंही साधन आजही ७,८०० च दाखवेल. जमिनीवरच्या दोन बिंदूंना आकाश कोण वापरू देतं याच्याशी देणंघेणं नसतं.

राजकारण हे एक कारण झालं. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार किलोमीटरवर आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पोहोचता येईल असा पर्यायी विमानतळ वाटेत लागतो. सिडनी-सँतियागोसारखे मार्ग अंटार्क्टिकाच्या दिशेने रिकाम्या समुद्रावर झुकतात तिथे हा नियम जाणवतो. उत्तर अटलांटिकवर तर वाटा रोज नव्याने आखल्या जातात, वाऱ्याचा अंदाज बघून.

वाट लांबवून वेळ वाचवणं हाही प्रकार आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे जवळजवळ दोन तास वाचले. सिंगापूर-न्यूयॉर्क विमानही ध्रुवाजवळून जाण्याऐवजी अनेकदा पॅसिफिकवरून पूर्वेकडे जातं, ते याच हिशेबाने.

तेव्हा थेट उड्डाण उपलब्ध असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर अशा विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या काही दिवसांत प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघा. आठवडाभराचे आकडे पाहिले तरी पुरे. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या नियोजित वेळांपेक्षा हे जास्त बोलकं असतं, कारण उशीर पचवता यावा म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी ऐसपैस जागा ठेवतात. ठोकताळ्याचा खरा उपयोग थेट उड्डाण नसताना, किंवा समोरचा आकडा विश्वासार्ह आहे का हे तपासताना.

घड्याळांचा हिशेब

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्या एकमेकींतून सरळ वजा केल्या की भलतंच उत्तर येतं. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदला आणि मगच वजाबाकी करा.

समजा ५ जानेवारीला रात्री ८ वाजता ऑकलंडहून लॉस एंजेलिसला विमान सुटलं. न्यूझीलंडमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरती एक तास पुढे केलेली घड्याळं) चालू असते, यूटीसीच्या १३ तास पुढे. म्हणजे यूटीसीप्रमाणे ५ जानेवारीचे सकाळचे ७. प्रवास १२ तासांचा धरला तर पोहोचताना यूटीसीप्रमाणे संध्याकाळचे ७. लॉस एंजेलिस जानेवारीत ८ तास मागे, म्हणून तिथे सकाळचे ११, तारीख ५ जानेवारीच. रात्री निघालेला माणूस त्याच दिवशी सकाळी पोहोचला! मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, त्यामुळे असं होतं. परतीचं विमान ५ जानेवारीलाच रात्री १० ला सुटलं आणि १३ तास लागले, तर ऑकलंडला ७ जानेवारीची सकाळ उजाडलेली असते. हॉटेलचं आरक्षण करताना लोक चुकतात ते इथेच. तिकिटावर वेळेपुढे छोटा +१ किंवा +२ दिसला तर तो तारखेचा आहे हे ओळखा.

दोन शहरांच्या वेळांतला फरक वर्षभर एकच असेल असंही समजू नका. वरच्या जोडीत जानेवारीत २१ तासांचा फरक आहे आणि जुलैत १९ तासांचा, कारण एका गोलार्धात उन्हाळी वेळ सुरू असते तेव्हा दुसऱ्यात नसते. लंडन-सिडनीचा फरक जानेवारीत ११ आणि जुलैत ९. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कचा नेहमीचा पाच तासांचा फरक मार्चमध्ये दोन-तीन आठवडे चार तासांवर येतो. पुष्कळ देश उन्हाळी वेळ पाळतच नाहीत. फरक नेहमी प्रवासाची तारीख टाकूनच बघा. भारत यूटीसीच्या साडेपाच आणि नेपाळ पावणेसहा तास पुढे आहे, हेही ध्यानात असू द्या. फरक पूर्ण तासांतच असतो असं नाही.

मध्ये थांबा असेल तर

प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढा आणि बेरीज थेट अंतराशी ताडून बघा. लंडन-सिडनी थेट अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,९०० आणि ६,३०० मिळून १७,२०० होतात, दुबईमार्गे साधारण १७,५००. म्हणजे हे थांबे जवळजवळ वाटेवरच आहेत. लॉस एंजेलिसमार्गे मात्र २०,८०० च्या पुढे जातं. एवढा वळसा म्हणजे चार तासांहून जास्त हवेतच, आणि तो स्वस्त तिकिटाच्या यादीत बेमालूम मिसळलेला असतो. मला विचाराल तर दहा टक्क्यांपर्यंतचा वळसा चालतो. त्यापुढे गेलं तर तिकीट का स्वस्त आहे ते कळलं असं समजावं.

एकूण वेळ काढताना दोन्ही टप्प्यांचे वेळ आणि मधला थांबा यांची बेरीज करा, किंवा पहिलं सुटणं आणि शेवटचं पोहोचणं यूटीसीमध्ये बदलून वजाबाकी करा. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत.

मधल्या थांब्याला किती वेळ पुरेसा, हे तिकीट एक आहे की दोन यावर अवलंबून असतं. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर त्या विमानतळाला लागू असलेला किमान वेळ धरूनच ते विकलेलं असतं, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी सहसा कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर असं काही संरक्षण नाही. अनेकदा सामान बाहेर जाऊन घ्यावं लागतं, पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आला. अशा वेळी मी चार तासांखालचा थांबा घेणार नाही, आणि टर्मिनल किंवा विमानतळच बदलायचा असेल तर सहा तासही जास्त म्हणणार नाही. ही मोजणी पहिलं विमान वेळेवर येईल असं धरून करू नका. माग दाखवणाऱ्या त्याच संकेतस्थळावर त्या उड्डाणाचा सगळ्यात जास्त उशीर बघा आणि तो थांब्यातून वजा करून काय उरतं ते पाहा.